येवल्याच्या माळावर खुलं सफारी पार्क: मैदानाआधी काय लागतं

विचारलेला प्रश्न असा: येवला-नांदगावच्या बाजूला माळरान पडून आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोसारखं खुलं सफारी पार्क, जिथे धोक्यात आलेले प्राणी कळपाने मोकळे फिरतील आणि लोक गाडीतून पाहतील, नाशिक जिल्ह्यात उभं राहील का? जागा किती लागेल, कुंपण कसं, कोणते प्राणी ठेवावेत आणि काम अडतं कुठे?

उभं राहू शकतं. पण ते जिराफ-गेंड्यांचं नसेल. काळवीट, चिंकारा, चौशिंगा अशा इथल्याच प्राण्यांचं असेल. आणि मोकळं मैदान हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग. पार्क चालतं ते मैदानाच्या मागच्या सोयींवर: जनावर पळापळ न करता आत घेता येईल असा क्राल, आजारी आणि नव्या जनावरांसाठी वेगळी जागा, बारा महिन्यांचा चारा. प्रस्तावांत नेमकं हेच ‘इतर सुविधा’ म्हणून शेवटच्या पानावर ढकललेलं असतं.

आधी सॅन डिएगोबद्दल. ते पार्क 1972 मध्ये एस्कोन्दिडोजवळ 1,800 एकरांवर सुरू झालं आणि त्यातली साधारण निम्मी जमीन मूळ झाडोऱ्यासाठी राखलेली आहे. शहरातल्या प्राणिसंग्रहालयाला प्रजननासाठी ऐसपैस जागा हवी होती, त्यातून ते निघालं. पर्यटक नंतर आले. जागेने काय फरक पडतो हे तिथल्या गेंड्यांनी दाखवलं. शहरात जोडीने ठेवलेल्या पांढऱ्या गेंड्यांना वर्षानुवर्षं पिल्लू झालं नाही. 1971 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 20 गेंडे आणले, त्या कळपात शहरातला तोच नर सोडला, आणि तो पुढे कित्येक पिल्लांचा बाप झाला. म्हणजे खुल्या पार्काची खरी कमाई कळप ही आहे. दोन-दोन नग आणून ‘आमच्याकडे पंधरा जाती आहेत’ म्हणणार असाल, तर त्याला एवढं मैदान लागत नाही.

आता कायदा, कारण निम्मे प्रस्ताव इथेच अडतात. बंदिस्त प्राण्यांची सफारी म्हणजे कायद्याच्या नजरेत प्राणिसंग्रहालयच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 38 एच प्रमाणे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते आणि 2009 चे मान्यता नियम लागू होतात. जमीन वनखात्याची असेल तर आणखी एक पायरी आहे: फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वनजमिनीवर नवीन प्राणिसंग्रहालय किंवा सफारी आपल्या परवानगीशिवाय अंतिम करू नये असं सांगितलं आहे. तेव्हा आराखडाकाराला पैसे देण्याआधी सातबारा पाहा. येवला तालुक्यातलं ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र ही याहून वेगळी गोष्ट. तिथली काळविटं मोकळी आहेत, त्यांना कोणी चारा घालत नाही, आणि त्या भागाला कुंपण घालून ‘सफारी’ करण्याची कल्पना मुळातच चुकीची आहे. तिथून जनावरं पकडून आणण्याचा विचारही सोडा. मोकळ्या वन्यप्राण्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कळप मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतूनच, अदलाबदलीने आणायचा.

जाती निवडताना हवामान आधी बघा. येवल्याकडे सरासरी पाऊस 500 मिमीच्या आसपास, त्याच जिल्ह्यात इगतपुरीला 3,000 च्या पुढे. शेजारच्या निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली उतरतो, मे महिन्यात इथेच चाळिशी ओलांडते. जिराफाला थंडीत उबदार बंदिस्त घर लागतं, तेही पाच-साडेपाच मीटर उंच. म्हणजे वर्षातल्या मोजक्या रात्रींसाठी इमारत बांधायची. काळवीट, चिंकारा या माळाचेच आहेत, त्यांना आडोसा पुरतो. चौशिंग्याला मात्र झुडपी उतार आणि रोजचं पाणी हवं, उघड्या माळावर तो कोपरा धरून बसतो. काळवीट जागतिक यादीत आता ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे, चौशिंगा ‘असुरक्षित’ गटात. त्यामुळे ‘धोक्यातल्या प्राण्यांचं पार्क’ अशी पाटी लावायची असेल तर चौशिंग्याचं प्रजनन नीट उभं करणं हे खरं काम ठरेल.

नाशिकमध्ये बिबट्यांची सफारी हवी, ही मागणी हमखास येणार, कारण निफाड-सिन्नर-दिंडोरीच्या उसातून पकडलेल्या आणि परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांना घर हवं आहे. मागणी रास्त आहे, पण तो दुसरा प्रकल्प समजा. नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ, बिबट्या आणि अस्वल यांना प्रत्येकी 25 हेक्टर आणि तृणभक्षींना 40 हेक्टर दिले आहेत, चारही विभाग स्वतंत्र. बिबट्या जाळी चढतो, झाडावरून उडी टाकतो, आणि दिवसा दिसत नाही. शिवाय प्रत्येकाला स्वतंत्र खोली लागते. नियमातलं किमान माप बिबट्यासाठी 2 बाय 1.5 मीटर आणि उंची 2 मीटर, वाघासाठी 2.75 बाय 1.8 आणि उंची 3. हे अगदी तळाचं माप आहे, त्यावर घर बांधू नये.

जागेचं गणित गवतापासून सुरू होतं. राखलेल्या माळावर हेक्टरी दीड टन वाळलं गवत धरा. त्यातलं निम्मंच खाऊ द्यायचं. त्याहून जास्त खाल्लं गेलं की पुढच्या पावसाळ्यात मारवेल-पवन्यासारख्या चांगल्या गवतांच्या जागी तरवड आणि गाजरगवत उभं राहतं. उरलं 750 किलो. मोठ्या काळविटाला शरीराच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो, वर्षाला 365 किलो. म्हणजे हेक्टरी दोन जनावरं. 40 हेक्टरवर 80 काळविटं बाहेरून चारा न घालता जगतील, तेही चांगल्या पावसाच्या वर्षी. दुष्काळी वर्षी चाळीस. येवल्यात दुष्काळी वर्ष हा अपवाद नाही, म्हणून आकडा चाळिसाचाच धरा आणि मैदानाचे तीन-चार भाग पाडून दर मोसमात एक भाग मोकळा ठेवा. चराऊ कुरणाचं हे जुनंच शहाणपण आहे. सफारीवाल्यांना ते रुचत नाही, कारण मोकळ्या ठेवलेल्या भागात पर्यटकाला काही दिसत नाही.

कुंपण. तृणभक्षींसाठी आठ फूट, म्हणजे 2.4 मीटर उंच जाळी हवी. काळवीट दोन मीटरपर्यंत सहज उडतं. मोठ्या मांजरांसाठी साधारण पाच मीटर, आणि वरचा भाग आत झुकलेला. जाळीचा खालचा काठ नुसता जमिनीला टेकवला तर भटकी कुत्री एका रात्रीत उकरून आत येतात. जाळी दोन फूट पुरा, किंवा बाहेरच्या अंगाला दोन फूट आडवी अंथरून वर दगड-मुरूम दाबा. खांबांचा खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. काळ्या मातीत वरच्या वर रोवलेला खांब पहिल्याच उन्हाळ्यात भेगांबरोबर तिरपा होतो आणि जाळी सैल पडते. जिथे काळी माती चार फुटांहून खोल आहे तिथे कुंपणाची रेघच सरकवा, ते स्वस्त पडतं.

कोपरे काटकोनात ठेवू नका. घाबरलेला कळप कुंपणाच्या कडेने धावतो, काटकोनात अडकतो, मागचे पुढच्यांवर चढतात. कोपरा मोठ्या वळणाचा, गोलसर घ्या. नवीन कळप सोडल्यावर पहिले पाच-सहा आठवडे संपूर्ण जाळीवर हिरवी शेडनेट किंवा जुनी पोती बांधा. काळविटाला पातळ तार वेगात दिसतच नाही. धडकून मान मोडणं हे नव्या पार्कातल्या मृत्यूंचं नेहमीचं कारण आहे, आणि ते शंभर रुपयांच्या पोत्याने टळतं.

सगळ्यांत दुबळी जागा म्हणजे ओढा कुंपण ओलांडतो ती. इथे पाऊस कमी, पण येतो तो धबाधबा. जूनच्या वळिवात कोरडा ओढा तासाभरात भरतो, काट्याकुट्या, बाभळीच्या फांद्या घेऊन जाळीवर आदळतो आणि तीसेक फूट कुंपण आडवं करतो. दुसऱ्या दिवशी अर्धा कळप बाहेर आणि कुत्री आत. ओढ्यात सलग जाळी लावायचीच नाही. दोन्ही काठांवर काँक्रीटचे खांब, त्यांवर आडवा पाइप, आणि पाइपला बिजागरीने टांगलेले लोखंडी गजाचे पडदे. लोंढा आला की पडदे खालून उचलले जातात, ओसरला की परत बसतात. गजांतलं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत. मोठ्या पावसानंतर माणूस पाठवून कचरा काढायचा, नाहीतर पडदा अर्धवट उघडा अडकून राहतो.

झटका मशीन लावाच, पण त्याचं अर्थिंग समजून घ्या. सौर मशीन व्यवस्थित असतं, तारेत पाच हजार व्होल्ट दाखवतं, तरी जनावर बिनधास्त रेटतं, अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. कारण तार ठीक असते, जमीन कोरडी असते. झटक्याचा फेरा जनावराच्या खुरांमधून जमिनीत आणि तिथून अर्थिंगच्या सळईत परत जातो, आणि एप्रिलचा मुरूम वीज वाहून नेत नाही. उपाय दोन: दीड-दोन मीटरच्या निदान तीन सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, जमल्यास पाणवठ्याच्या ओलीत, आणि कुंपणावर एक तार चालू, एक तार अर्थची, अशी आलटून पालटून रचना. मग जनावर दोन्हीला टेकलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. तारेला गवत लागलं की व्होल्टेज गळतं, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची पट्टी कापावी लागते. मुख्य लाइनची वीज कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि माणसं मरतात, हे सांगायची वेळ येऊ नये.

झटक्याची एक ओळ बाहेरच्या अंगालाही हवी. इथल्या बिबट्याला बंदिस्त काळवीट म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. कुंपणापासून पाच मीटरच्या आत एकही झाड किंवा बाहेर आलेली फांदी नको.

आता क्राल. खुल्या पार्कात जनावराला लस द्यायची, नर वेगळा काढायचा, आजारी मादी पकडायची, तर दरवेळी भूल देणारी बंदूक घेऊन मागे धावणार का? काळवीट, चिंकारा यांना पाठलागाची झळ फार लागते. पळून पळून शरीराचं तापमान 41 अंशांवर जातं, स्नायू आतून फुटतात, लघवी तांबडी-तपकिरी होते आणि जनावर तेव्हा किंवा तीन-चार दिवसांनी मरतं. पकडताना ‘ठीक होतं’ आणि चौथ्या दिवशी मेलं, याचा अर्थ बहुतेक वेळा हाच. म्हणून जनावराने आपण होऊन आत यायला हवं. मैदानाच्या एका कडेला नरसाळ्याच्या आकाराची वाट, दोन्ही बाजूंनी आरपार न दिसणारी, शेवटी निमुळती होत छोट्या खोल्यांकडे जाणारी. तोंडाशी गव्हाण आणि मिठाची लादी. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, त्याच हाकेने चारा टाकायचा. सुरुवातीचे दोन-तीन महिने एकही दार लावायचं नाही. मग एक दार, पाच मिनिटं. भिंती फळीच्या किंवा जाड कापडाच्या, फट ठेवायची नाही, कारण जनावर उजेडाच्या फटीकडे झेप घेतं. सरकती दारं आवाज न करणारी हवीत. रुळाखाली जुन्या टायरचा पट्टा टाका. एक लोखंडी दार आपटलं की महिन्याची सवय मोडते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात त्याला बोमा म्हणतात, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं. मध्य प्रदेशात 2025 मध्ये शाजापूर भागातली मोकळी काळविटं अशाच कापडी नरसाळ्यात हेलिकॉप्टरने हाकून पकडली. पार्कातल्या कळपाला हेलिकॉप्टर लागत नाही. चारा आणि संयम पुरतो. पकडायचं काम डिसेंबर-जानेवारीत, उजाडताना, आणि जनावर दोन-तीन मिनिटांहून जास्त पळालं की त्या दिवशीचं काम बंद.

चाऱ्याचा हिशेब शंभर काळविटांचा, पूर्ण बाहेरच्या चाऱ्यावर: दिवसाला 100 किलो कोरडं वजन. हिरव्या चाऱ्यात साधारण पाचवा हिस्साच कोरडा असतो, तेव्हा 250 किलो हिरवा मका किंवा लसूणघास आणि 55 किलो कडबा कुट्टी किंवा डोंगरी गवत. नुसत्या कोवळ्या लसूणघासाने पोट फुगतं, म्हणून आधी वाळलं, मग हिरवं. दाणा अचानक वाढवला की पोटात आम्ल वाढून जनावर बसतं, पर्यटकांच्या पोळ्या-पावाने तेच होतं. उन्हाळी चाऱ्यासाठी मुरघास करता येतो, पण उघडलेला खड्डा रोज वापरला गेला पाहिजे; बुरशी आलेला भाग फेकायचाच.

नाशिकचे म्हणून तीन धोके वेगळे सांगतो. पहिला कांदा. भाव पडला की लासलगाव परिसरात ट्रॉली-ट्रॉली कांदा फुकट मिळतो आणि कुणीतरी ‘जनावरांना घाला’ म्हणून पार्कात आणून टाकतो. कांद्यातली गंधकाची द्रव्यं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. जनावर सुस्तावतं, डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी पडते, लघवी कॉफीच्या रंगाची होते. दारावरच नकार द्यायचा. दुसरा धोका द्राक्षबागेची छाटणी: पाल्यावर फवारणीचे अंश असतात, आणि शेवटची फवारणी कधी झाली हे आणणाऱ्याला सांगता येत नाही. तिसरा, ज्वारीचे कोवळे पोंगे, विशेषतः पावसाने ताण दिलेले. गुडघ्याएवढ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, गावात ‘किराळ लागली’ म्हणतात ती हीच. फुलोऱ्यानंतरची किंवा वाळवलेली ज्वारी चालते.

प्यायला पाणी फारसं लागत नाही. दिवसाला जनावरामागे पाच लिटर धरले तरी शंभर जनावरांना 500 लिटर, एक टँकर कित्येक दिवस पुरेल. खरं पाणी जातं ते चाऱ्याच्या पिकाला, क्राल धुवायला आणि रस्त्यावरची धूळ दाबायला. पाणवठे मात्र एकच मोठा करण्यापेक्षा चार छोटे, एकमेकांपासून लांब हवेत. विणीच्या काळात दांडगा नर पाणवठा अडवून बसतो आणि दुबळे तहानलेले राहतात. काठ सपाट उताराचा हवा. उभ्या काठाच्या हौदात पाडसं बुडतात.

रोगराई बहुधा कुंपणाबाहेरून येते. आसपासच्या पाच किलोमीटरमधल्या गाई-म्हशींना वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत लस मिळते की नाही, हे पार्काच्या डॉक्टरने स्वतः पाहायचं. धनगरांच्या मेंढ्या या माळावर चरतात, त्यांचा हक्क आहे, पण मेंढ्यांच्या अंगातला एक विषाणू मेंढीला काही करत नाही आणि सांबरासारख्या हरणवर्गातल्या प्राण्यांना मारतो. तेव्हा सांबर ठेवणार असाल तर कुंपणाबाहेर रिकामा पट्टा ठेवा आणि मेंढपाळांना दुसरीकडे पाणी उपलब्ध करून द्या. नुसती पाटी लावून काही होत नाही. भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी तर करावीच लागते. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांत कुत्र्यांतल्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. तुम्ही पुढे मांसभक्षी ठेवणार असाल तर याला पर्याय नाही. नवं जनावर 30 दिवस वेगळ्या आवारात, वेगळ्या माणसाच्या हाताखाली, वेगळ्या गमबुटांनी.

जाती एकत्र सोडण्याचा मोह आवरा. नीलगायीचा नर 200 किलोंच्या वर जातो आणि गव्हाणीवर काळविटाच्या पाडसाला सहज चिरडतो. एकत्र ठेवायचेच तर काळविटांसाठी अशी बंदिस्त गव्हाण करा की फटीतून तेच आत शिरतील.

पहिल्या दोन वर्षांत कुणाला सुचत नाही अशी अडचण चौथ्या वर्षी येते: जनावरं जास्त होतात. काळविटाचा गाभणकाळ जेमतेम सहा महिन्यांचा. वीस माद्यांनी सुरू केलेला कळप काही वर्षांत शंभरावर जातो, सगळे एकाच नराची लेकरं. सुरुवातीलाच नरांचं वेगळं आवार लागतं, दर दोन-तीन वर्षांनी मुख्य नर बदलावा लागतो आणि प्रत्येक जनावराचा कानातला बिल्ला वंशावळीच्या नोंदीशी जोडलेला असावा लागतो. जादा जनावरं कुठे जातील, याचा करार आधी करा. नाहीतर शेवटी वाढलेला कळप तुमचंच कुरण खाऊन टाकतो. बंदिस्त कळपाचा जंगलाला उपयोग होतो तो असाच शिस्तीने. कान्हात 1970 साली 66 बारशिंगे उरले होते. शिकारी प्राणी आत येणार नाहीत असं कुंपण घालून कळप वाढवला आणि 2015 पासून त्यांतले काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसवले.

पर्यटकांबद्दल फार लिहीत नाही. गाडीला दोन दारांचा कप्पा, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडणार नाही असं कुलूप, कप्पा गाडीच्या लांबीच्या दीडपट. रस्ता मुरूम-खडीचा, काळ्या मातीतला नाही. पावसाळ्यात फसलेली गाडी म्हणजे माणसं खाली उतरणार. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढीच वेळ. चारा रस्त्याच्या कडेला घातला की जनावर दिसतं हे खरं, पण एकाच जागी लेंड्या साचून जंत वाढतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी जागा बदला. आठवड्यातला एक दिवस बंद, तो नियमच आहे.

क्रम असा ठेवा: जमिनीचे कागद, कुंपण, ओढ्यांचे पडदे, क्राल आणि वेगळं आवार, मग चाऱ्याचं एक पूर्ण पीक हातात. जनावरं नोव्हेंबरच्या मध्यानंतर आणा, रात्रीच्या प्रवासाने, एका पेटीत एक, नरांच्या शिंगांवर रबरी पाइपचे तुकडे चढवून. पेटी थेट मैदानात उघडू नका. क्रालमध्ये उघडा, ते 30 दिवस तिथेच ठेवा, म्हणजे गव्हाण आणि हाक ओळखीची होते. मग पहाटे दार उघडून माणसांनी बाजूला व्हायचं. कुणी हाकायचं नाही. पहिली मादी कधी दुपारी बाहेर पडते, कधी तिसऱ्या दिवशी.